वासाची खोली

सडकी अंडी आणि आंबलेल्या कोबीचं पाणी एकत्र कालवायचं, डब्यात भरायचं, डबा कपाटामागे सरकवायचा आणि हात धुवायला पळायचं, हे तिचं विद्यापीठातलं काम. मानसशास्त्र शिकून शेवटी घाण कालवायची वेळ आली, असं ती हसत सांगे. पण शिसारी खरी होती. जेवताना बोटं नाकाशी आली की घास तोंडात फिरे.

समलिंगी माणसांचा लोक तिटकारा का करतात, याची तिच्या सरांकडे तीन उत्तरं होती. एक, आपल्याच मनातल्या ओढीची भीती. दुसरं, तसं कुणी ओळखीतच नसणं. आणि तिसरं, नासक्या अन्नाची वाटते तीच किळस, फक्त चुकून माणसांवर जाऊन बसलेली. घाण वासात बसवलं तर माणूस जास्त कडवट बोलतो का, हे सर तपासत होते. तिसरं उत्तर तिला मनापासून आवडलं होतं. दोष नाकाचा ठरला की माणूस सुटतो, आणि तिला बाबांना सोडवायचं होतं. ती ज्या बाईबरोबर संसार करत होती, ती बाबांच्या लेखी नुसती तिच्या घरात राहणारी मैत्रीण होती. खरं सांगितलं तर ते कसं घेतील, या धास्तीवरच तिचं घोडं अडलं होतं.

प्रयोगाला वयस्कर माणसं कमी पडली तेव्हा तिनं बाबांनाच बोलावलं. वासाची खोली की बिनवासाची, हे चिठ्ठी टाकून ठरे. बाबांच्या वाट्याला वासाची आली. तिच्या जिवात जीव आला. काही वेडंवाकडं बोललेच तर खापर डब्यावर फोडता येणार होतं.

प्रश्न विचारायचं काम तिच्या सहकाऱ्याचं. रेंगाळत बोलतो म्हणून सगळे त्याला गोगलगाय म्हणत. ती एका बाजूनेच दिसणाऱ्या काचेमागे उभी राहिली.

वासानं गोगलगायीच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. बाबा मात्र ऐसपैस बसले, चहात बिस्कीट बुडवून खाऊ लागले.

"शेजारी दोन पुरुष नवरा-बायकोसारखे राहायला आले तर?"

"घर बदलू," बाबा शांतपणे म्हणाले. "किळस येते हो. त्यांच्या हातचं पाणी घशाखाली उतरायचं नाही."

"आणि दोन बायका?"

"त्याहून वाईट. आईबापाचं लक्ष नाही, दुसरं काय."

वासामुळे बोलताहेत, असं ती स्वतःला बजावत होती. तेवढ्यात गोगलगायीनं शेवटचा प्रश्न विचारला, खोलीत काही वास जाणवला का?

"कसला वास?" बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. "मासळीच्या खताच्या कारखान्यात जन्म गेला माझा. नाक केव्हाच मेलंय."

हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. आशेपायी विसरली होती. शिकल्यासवरल्या माणसांचीही आशेपुढे अशीच गत होते.

बाबा खुशीत बाहेर आले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात टाकला. "काय, पास झालो का मी?"

"बाबा, माझ्या घरी राहते ना, ती नुसती मैत्रीण नाही. आम्ही जोडपं आहोत."

बाबा थोडा वेळ हसतच राहिले. "हेही प्रयोगातलंच ना?"

"नाही."

खांद्यावरचा हात निघाला. तो त्यांनी पँटवर पुसला, एकदा, मग पुन्हा. पुसतोय हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं. तिनं मात्र सगळं पाहिलं.

"बसमध्ये लोक तुमच्या शेजारून उठून जायचे," ती म्हणाली. "मी तेव्हा तुमच्या मांडीवर बसायचे. कारखान्यातल्या कपड्यांवर."

"ते वेगळं." बाबांचा आवाज अगदी समजुतीचा होता. "ते धुतलं की जायचं."

ज्या बापाच्या ताटातलं उष्टं तिनं आवडीनं खाल्लं होतं, त्याची तिला किळस आली, आणि ती लपवायची तिनं तसदी घेतली नाही.

"निघा तुम्ही, बाबा," ती म्हणाली. "आता बस आहे."