फिल्टरचा डबा

धाकट्या खुशालचं थोरल्या भावाशी नुसतं भांडून पोट भरत नसे, ते बघायला त्याला माणसं लागत. म्हणून मूल गावाहून जंगू मिस्त्री ट्रॅक्टर तपासायला आला, त्या दिवशी खुशालने गावातल्या वडीलधाऱ्या वामनरावांनाही खळ्यावर आणून बसवलं होतं.

वाटण्या झाल्या तेव्हा शेत तुटलं, घर तुटलं, ट्रॅक्टर तेवढा तुटेना. एका सिलिंडरचं जुनं धूड, हँडल मारून सुरू होणारं. दोघांनी पाळ्या ठरवल्या आणि पोरखेळ सुरू झाला. पाळी संपली की थोरला गुणवंतराव सीटवरची गादी काढून घरी नेई. खुशाल हवेच्या फिल्टरचा डबा काढून नेई. फिल्टर त्याने स्वतः चंद्रपूरहून आणला होता. त्यातली गाळलेली हवा थोरल्याने फुकटात का घ्यावी?

यंदा गुणवंतरावाच्या धानाचं चुरणं, म्हणजे मळणी, आधी झाली. खुशालची पाळी आली आणि इंजिन उठेना. एरवी हँडल मारताना खांदा निखळायचा, आता ते एका हाताने गरगर फिरत होतं. खुशालचं धान पेंढ्या रचून, पुंजणं घालून उघड्यावर पडलं होतं, भर पौषात आभाळ भरून आलं होतं, आणि बैल त्याने ट्रॅक्टरच्या तोऱ्यात केव्हाच विकून टाकले होते. भिजलं तर वर्षाचं धान जागेवर कुजणार होतं.

"जंगूनं बसवलेला नवा पिस्टन काढून यानं जुना घातला," खुशाल म्हणाला. "वामनभाऊ, ज्याच्यानं इंजिन मेलं असन त्यानं आपला हिस्सा सोडाचा. इचारा त्याले, कबूल हाये का?"

"कबूल," गुणवंतराव म्हणाला. तो भावाकडे न बघता बोलला. गेल्या दिवाळीपासून त्याने त्या तोंडाकडे बघणं सोडलं होतं.

जंगूने इंजेक्टर खोलला, त्या भोकातून थोडं इंजिन ऑइल आत सोडलं, इंजेक्टर परत कसला आणि हँडल फिरवलं. ते जड झालं.

"वाल्व ठीक हायेत," तो म्हणाला. "तेल टाकलं तं कॉम्प्रेशन आलं, दाब धरला. म्हंजे पिस्टनच्या रिंगा गेल्या."

"गेल्या नाई, नेल्या म्हणा," खुशाल म्हणाला. अख्खा ट्रॅक्टर त्याला दारात दिसू लागला.

जंगूने हेड उतरवलं, पिस्टन बाहेर काढला. सिलिंडरच्या आतल्या लायनरवर उभे ओरखडे होते. त्याने आतून बोट फिरवलं आणि बोटावरचं काळं वंगण चिमटीत चोळून पाहिलं. ते कचकचत होतं.

"पिस्टन तोच हाये, मीच बसवला होता. चुरण्याची धूळ आत गेली न् तिनं रिंगा खाल्ल्या, लायनर खाल्ला. फिल्टर कुठी हाये?"

खुशालची बायको रुखमा चहा घेऊन आली होती. भासरा, म्हणजे थोरला दीर, समोर बसलेला, म्हणून डोक्यावरचा पदर पुढे ओढून खाली मान घालून उभी होती. तिच्या कानावर एवढा शेवटचा प्रश्न पडला. नवऱ्याच्या टापटिपीची कोणी विचारपूस करतंय, असं वाटून ती लगबगीने आत गेली आणि जुन्या लुगड्यात गुंडाळलेला डबा घेऊन आली.

"पाळी सरली का काढून आणतेत, भाऊ," ती जंगूला म्हणाली. "एक रोज बाहेर राहू देत नाईत."

वामनरावांनी कप खाली ठेवला.

"मंग बिना फिल्टरचा चालवला काऊन यानं?" खुशाल ओरडला.

"मांगाले आलो होतो तुह्या दारात," गुणवंतराव म्हणाला. "तूनं कुत्रं सोडलं अंगावर." त्याने धोतर वर केलं. पोटरीवर दातांचे वण अजून दिसत होते.

"शर्त तुहीच होती, खुशाल," वामनराव म्हणाले.

गुणवंतराव उठला. "मले नोको त्याचा हिस्सा. त्याले पुराच पाह्यजे होता ना ट्रॅक्टर? घे म्हणा." त्याने घरून बसायला आणलेली गादी काखेत मारली आणि तो चालू लागला. वामनरावही काठी टेकत निघून गेले.

लायनर नागपूरहून आणावा लागेल आणि त्याला बरेच दिवस जातील, एवढं सांगून जंगूने अवजारं आवरली. तेवढ्यात गार वारा सुटला. पुंजण्यावरच्या पेंढ्या फडफडल्या.

"भासऱ्यायचे बैल मोकळेच हायेत," रुखमा हळूच म्हणाली. "जाऊन मांगा ना."

खुशालला तिचा भयंकर राग आला, आणि ती खरं बोलते आहे याचा त्याहून जास्त. पाण्याचे दोन थेंब हातावर पडले तेव्हा तो निघाला. भावाच्या अंगणात मांडवाखाली बैल रवंथ करत बसले होते.

गुणवंतरावाने त्याला येताना पाहिलं. खाली वाकून त्याने दाराशीच्या खुंट्याची साखळी सोडली आणि आपल्या कुत्र्याच्या पाठीवर थाप मारली.