कार्तिकातलं हिरवं

लालबागच्या ज्या गिरणीत उत्तमराव फोल्डिंग खात्यात कापड तपासायचे, तिच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये आता त्यांची मुलगी उर्मिला नोकरीला होती. बापलेकीचं काम एकच, असं ती गमतीनं म्हणायची. ते कापडातल्या चुका शोधायचे, ती उपग्रहाने टिपलेली शेतं न्याहाळायची. कुठलं पीक वर्षभरात हवेतला किती कार्बन शोषतं, याचा अंदाज ती चित्रांतल्या हिरवेपणावरून काढायची.

आपलं कोकणातलं शेत दिसतं का त्यात, असं उत्तमरावांनी तीन वर्षांपूर्वी हळूच विचारलं होतं. दिसत होतं. ते शेत म्हणजे घरातलं जुनं दुखणं. गिरण्यांचा संप लांबला तेव्हा त्यांचा थोरला भाऊ लहू गिरणीचा नाद सोडून गावी शेती करायला निघाला, आणि चाळीच्या जिन्यात, चारचौघांत, उत्तमरावांनी त्याला 'पळपुटो' म्हटलं. लहूने वळूनही पाहिलं नाही. तेव्हापासून बोलणं नाही की पत्र नाही. उत्तमरावांना तो शब्द मागे घ्यायचा होता, पण तोंड दाखवायचा धीर होत नव्हता.

उर्मिलेच्या आकड्यांनी त्यांना आयती सबब दिली. लहूकाकांच्या शेताचा आकडा वाढतोय, शेत जोरात आहे, असं ती दरवर्षी सांगायची आणि म्हातारा खुलायचा. भाऊ धडधाकट आहे, भात लावतोय, मग पुढच्या मे महिन्यात जाऊच की. असे तीन मे गेले.

या खेपेला तिने मोठ्या कौतुकाने लॅपटॉप घरी आणला आणि त्या शेताची महिन्यामहिन्यांची चित्रं ओळीने दाखवली. पावसाळ्यातली ढगांनी झाकलेली, पुढची हिरवीगार. उत्तमरावांनी पडद्यावर तळहात फिरवला, कापडावर फिरवायचे तसा. नोव्हेंबरवर हात थांबला. शेजारची भातखाचरं कापून उघडी पडली होती, लहूचं शेत मात्र हिरवंच. डिसेंबरातही तेच, मागच्या वर्षीही तेच.

"हय कापणीच जावक नाय गो," ते म्हणाले. "कार्तिकात भाताचा शेत हिरवा कसा?"

उर्मिलेने लॅपटॉप जवळ ओढला. तिने वर्षाची बेरीज तेवढी पाहिली होती, महिने कधी उलगडलेच नव्हते. शेतात रानमोडीचं तण माजलं होतं, आणि त्या रानालाच ती पीक समजत आली होती.

तिने खटपट करून गावी लहूकाकांच्या शेजारी राहणाऱ्या रामदासचा नंबर मिळवला आणि फोन लावला. लहूकाकांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं, घराला कुलूप होतं. गावाने पत्र टाकलं होतं, पण भोईवाड्यातल्या चाळीच्या जुन्या पत्त्यावर, आणि ती चाळ कधीच पाडली गेली होती. पहिल्या मे महिन्यात गेले असते तर भाऊ भेटला असता.

दोन वर्षांनी कळलेल्या मरणाला सुतक नसतं, नुसती अंघोळ. उत्तमराव टॉवेल न घेताच मोरीत गेले. उर्मिला बाहेर उभी राहून तांब्यांचा आवाज ऐकत होती. माझ्यामुळे झालं, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पाणी कितीतरी वेळ थांबलं नाही.

ते भिजल्या कपड्यांनीच बाहेर आले.

"पयल्या वर्षाचा हिरवा भाताचाच होता मां?"

"हो, बाबा. काकांनीच लावलेलं."

ते खाली बसले. अंगावरचं पाणी फरशीवर ओघळत होतं.

"मगे पळपुटो मीच," ते म्हणाले.