माझ्या अंगावरच्या सात खाचा

मी एक जुना दगडी खांब आहे मित्रांनो, आणि आधीच सांगतो, मी भडकलेलो आहे. गोड गोष्ट ऐकायची असेल तर दुसरीकडे जा.

बंदराच्या पायऱ्या वर गल्लीशी येऊन संपतात तिथे मी उभा आहे, दीड पुरुष उंच. होड्यांचे दोर बांधून घेणं हे माझं काम. दोरांनी माझी पाठ गुळगुळीत झाली, पण कधी कुरकुर केली नाही.

एका वर्षी समुद्र पायऱ्या चढून गल्लीत शिरला. पाणी ओसरल्यावर बंदराचा रखवालदार छिन्नी-हातोडा घेऊन आला आणि जिथवर पाणी आलं होतं तिथे त्याने माझ्या अंगावर आडवी खाच पाडली. लेकीला म्हणाला, "माणसं विसरतात गं. हा विसरणार नाही." पुढे दर पुरानंतर तो येत राहिला. तीस वर्षांत सात खाचा झाल्या. पहिली त्याच्या घोट्याशी होती, सातवी मांडीशी. सातवी पाडताना त्याला धाप लागली होती. त्याच वर्षी तो गेला.

त्याची लेक माझ्यासमोरच्याच खोलीत जाळी दुरुस्त करते. तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. सातव्या पुरात तिने त्यांना टेबलावर निजवलं आणि पाणी ओसरेपर्यंत त्यांचा हात धरून ती उभी राहिली.

शेवटी नगरपालिकेला जाग आली. किनाऱ्याला भिंत हवी होती, पण तिजोरीत खडखडाट. मग अनुदानासाठी अर्ज केला. अर्जात विचारलं होतं, पाणी कुठवर येतं, पुरावा काय? नगरपालिकेच्या इंजिनिअर बाईंनी टेप लावून माझी एकेक खाच मोजली, फोटो काढले. "हाच आपला साक्षीदार," त्या म्हणाल्या. जाळीवालीने त्यांना चहा दिला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

अनुदान देणारी समिती स्वतः बघायला येणार असं ठरलं. आणि तिथेच माशी शिंकली. नगरपालिकेच्या मोठ्या साहेबांनी अर्ज न वाचताच सही केलेली. ते म्हणाले, पाहुणे येणार, बंदर चकाचक दिसलं पाहिजे. इंजिनिअर बाई समितीला आणायला गेलेल्या. इकडे रंगारी सिमेंटची बादली घेऊन हजर.

जाळीवाली धावत आली. "अहो, काय करताय! माझ्या बाबांच्या हातच्या खाचा आहेत त्या!"

"ताई, वरून हुकूम आहे. खड्डे बुजवा, रंग मारा. मी तरी काय करू?"

त्या गरिबावर माझा राग नाही. सातही खाचा बुजल्या. वरून पांढऱ्या रंगाचे दोन हात, आणि गळ्यात लाल रिबीन! मला बोलता येत असतं ना, तर त्या साहेबांना अशा शिव्या घातल्या असत्या की समुद्र मागे सरला असता.

समिती आली. मला बघून इंजिनिअर बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी माझ्यावरून हात फिरवला. "इथे तर काहीच नाही."

"कालच नवाकोरा करून घेतला, सर!" साहेब म्हणाले. छाती फुगवून म्हणाले हो!

बाईंनी फोटो दाखवले. तर म्हणे, फोटोतला खांब हाच कशावरून? सिमेंट उकरून बघेपर्यंत थांबायला समितीला वेळ नव्हता. अर्ज परत आला. पुढच्या वर्षी पुन्हा करा म्हणाले.

पुढच्या वर्षापर्यंत समुद्र थांबतोय थोडाच! आठवा पूर भर दुपारी आला. पाणी टेबलावरून गेलं. जाळीवालीने सासूबाईंना खांद्यावर घेतलं, दाराची चौकट धरून ती तासन् तास उभी राहिली. पाणी उतरायला लागलं तेव्हा तिच्या खांद्यावरचा जीव गारठून कधीच गेला होता.

तिसऱ्या दिवशी ती बापाची छिन्नी घेऊन आली. पांढऱ्या रंगावर तिने घाव घातले, आणि तिच्या खांद्याशी आठवी खाच पडली. मग ती खाली बसली आणि एकेका खाचेतलं सिमेंट उकरून काढू लागली.

मित्रांनो, मला रंग नको, रिबीन नको. पुन्हा कोणी बादली घेऊन माझ्याकडे आलं, तर त्याला आधी माझ्या शेजारी उभं करा आणि आठवी खाच त्याच्या अंगावर कुठे येते ते दाखवा. मग विचारा, हा खड्डा बुजवायचाय का?