पाचापैकी पाच

"शिकवून झालं की 'समजलं का?' असं कधी विचारू नकोस. 'करून दाखव' म्हण, आणि गप्प उभी राहा."

सालुद मॅम निवृत्त होताना मला हे सांगून गेल्या. इलोइलोच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी त्यांच्याच हाताखाली घडले. मी मान डोलावली, वाक्य वहीत उतरवलं, खाली तारीख घातली. अकरा वर्षं वही नीट जपली. वाक्य तेवढं वापरलं नाही.

कारण मध्ये प्रशिक्षणं आली. आमच्याकडे ग्रंथपालाचा परवाना ठरावीक वर्षांनी नवा करावा लागतो आणि त्यासाठी प्रशिक्षणाचे गुण जमवावे लागतात. माझ्याइतके गुण अख्ख्या पनाय बेटावर कुणाकडे नसतील. 'विद्यार्थ्यांचं लक्ष कसं टिकवावं' हे चार तासांचं ऑनलाइन प्रशिक्षण मी कॅमेरा बंद ठेवून, जपमाळ ओढत पूर्ण केलं. रोजची रोझरी हा माझा नेम. तो मोडायचा नाही आणि गुणही सोडायचे नाहीत. देवाला अर्धं, वक्त्याला अर्धं. शेवटी अभिप्रायाचा फॉर्म भरला की प्रमाणपत्र मिळतं, आणि फॉर्मवर पाचापैकी पाच द्यायचे असतात. कमी देणारा उद्धट ठरतो.

हीच रीत मी माझ्या तासाला लावली. नर्सिंगच्या मुलांना संशोधनाचे लेख शोधायला शिकवायचं. चौऱ्याऐंशी स्लाइड, प्रत्येकीवर उडणारं कबुतर, शेवटी मोबाइलवर रंगीत प्रश्नमंजूषा, जिंकेल त्याला पोल्व्होरॉनची वडी. नंतर घाई नको म्हणून फॉर्म मी तासाच्या आधीच भरून घेत असे. पाचापैकी पाच मिळाले. ते मी सहीनिशी वर पाठवले आणि वर्षभर फार नम्रपणे वावरले.

त्याच गुणांवर बोलावणं आलं: शनिवारी बोटीने बाकोलोदला जाऊन तिथल्या ग्रंथपालांना शिकवायचं.

गुरुवारी दुपारी ग्लोरिफे माझ्या टेबलापाशी आली. नर्सिंगची, शेवटच्या वर्षाची.

"मॅम, सोमवारी प्रबंधाची तोंडी परीक्षा आहे. वीस संदर्भ नसतील तर आत घेणार नाहीत. म्हणजे यंदा पदवी नाही."

"किती झालेत?"

"चार. त्यातला एक स्पॅनिशमध्ये आहे."

"माझ्या तासाला नव्हतीस का, इंदाय?" आमच्याकडे पोरींना लाडाने म्हणतात तसं 'इंदाय' म्हणत आवाज मी मऊच ठेवला, पण चूक तिचीच निघावी अशी फार इच्छा होती.

"होते की. मीच तर जिंकले होते."

"मग?"

"पुढच्या बाकावरचा हुशार आहे, मॅम. तो ज्या रंगाकडे बोट न्यायचा, तो मी आधी दाबायचे."

"बरं. आता शोधून दाखव." मी हात मागे बांधून उभी राहिले.

तिने प्रबंधाचं अख्खं नाव टाइप केलं. ला पाझमधल्या पहिलटकरणींचं स्तनपानाविषयीचं ज्ञान, दृष्टिकोन आणि सवयी, प्रस्तावित उपक्रमासाठी आधार, असं सगळं. एकही लेख आला नाही.

"बघा. संगणक रुसलाय माझ्यावर."

"असं शिकवलं होतं मी?"

"तुम्हीही अख्खं नावच टाकलं होतं. लगेच सापडलं. आम्ही टाळ्या वाजवल्या."

खरं होतं. एकतिसावी स्लाइड. तो लेख माझ्याकडे आधीपासूनच होता, मी त्याचंच नाव टाकलं होतं.

"कधी बसूया?" मी विचारलं.

"आज-उद्या हॉस्पिटलात ड्यूटी. रविवारी आईबरोबर बाजारात बसायचंय. शनिवार सकाळ मोकळी आहे, पण तुम्ही बाकोलोदला."

"तुला कुणी सांगितलं?"

"फाटकावर तुमचा फलक लावलाय, मॅम. फोटो केवढा मोठा आहे."

"शनिवारी सातला ला पाझला तुझ्या घरी येते," मी म्हटलं.

मग मुख्य ग्रंथपालांकडे, सर तिबुर्सियोंकडे गेले.

"सर, मला बाकोलोदला जाता येणार नाही."

"आजारी आहात?"

"नाही. मला शिकवता येत नाही."

सर हसले. "मॅम तिवा, वक्त्याचं प्रमाणपत्र छापून आलंय. तुमच्या बढतीला तेच तर कमी पडत होतं. नम्रपणा पुरे."

"हा नम्रपणा नाही, सर. फॉर्म मी तासाच्या आधी भरून घेत होते. तिकडे तसंच सांगा."

सर उठले. मग दार लोटून हळूच म्हणाले, "सगळे तसंच करतात ना?"

"असतील करत. माझ्यामुळे एका मुलीची पदवी अडलीय. बढती राहू दे."

शनिवारी सहाची मिस्सा आटोपून मी चर्चच्या पायऱ्या उतरले. पिशवीत लॅपटॉप होता आणि थोडे कोरे कागद. बंदराकडे जाणारी जीपनी समोर थांबली. चालकाने भुवया उंचावून विचारलं. मी नकारार्थी मान हलवली, आणि मागून आलेल्या ला पाझच्या जीपनीत चढले.