धाकटीचे कोपरे

आमच्या घरात स्पीकरचे खोके बनतात. नवरा प्लायवूड कापून खोका ठोकतो, दीर आत वायरी जोडतो आणि वरून काळं रेक्झिन चढवते मी. म्हणजे, एकटी मीच चढवत होते. मग दिराचं लग्न झालं, धाकटी जाऊ घरात आली आणि हौस म्हणून तिनेही एक खोका मढवला. झालं! सासरे चष्मा पुसून त्या खोक्याभोवती फिरले. म्हणाले, "कोपरा बघा पोरीचा! जोड शोधून दाखवा कुणीतरी."

इतकी वर्षं मी मढवतेय. माझ्या खोक्याभोवती कधी कुणी फिरलं नव्हतं.

सपाट बाजू काय, कुणीही मढवेल. कोपऱ्यात मात्र घाम फुटतो. तीन बाजू एकत्र येतात, रेक्झिन जास्त होतं, घडी पडते. घडी कापावी तर फटीतून लाकूड दात विचकतं. मी ड्रायरने गरम करते, ताणते, अंगठ्याने दाबून धरते, तरी चार दिवसांत टोक वर येतंच. हिचं येत नाही. वर मलाच शिकवते, "ताई, हलक्या हाताने ओढायचं हो." अंगाचा नुसता तिळपापड होतो.

त्यात सासऱ्यांनी जाहीर केलं, दुकानाच्या शोकेसमध्ये आता नवी जोडी ठेवायची. दोघींनी एकेक जोडी करा, सरस असेल ती राहील. आजवर तिथे माझीच जोडी होती. येणारं गिऱ्हाईक आधी माझं काम बघायचं. तेवढाच काय तो माझा मान, आणि त्यावरही हिचा डोळा!

आज दुपारी धाकटी जेवायला गेली. तिच्या जोडीतला एक खोका तयार होऊन समोर बसला होता, गुळगुळीत, मिजासखोर. मला राहवेना. कटरचं टोक कोपऱ्याखाली घातलं आणि रेक्झिन सोललं.

आतलं लाकूड गोल होतं. वापरलेल्या साबणासारखं, छान घासलेलं. मी माझ्या खोक्याचा कोपरा चाचपला. टचकन बोटाला टोचला. आणि दोन्ही खोके ठोकणारा माणूस एकच.

नवरा नेमका दारात उभा. "अगं, हे काय केलंस?"

"तुम्ही काय केलंत ते सांगा आधी! तिचे कोपरे गोल आणि माझे सुरीसारखे?"

"ती म्हणाली, दादा, टोक टोचतंय, घासून द्या. दिलं घासून. तू कधी काही बोलली नाहीस."

"बोलायला कशाला हवं? माझी बोटं दिसत नव्हती?"

तेवढ्यात धाकटी हात पुसत आली. फाटका कोपरा पाहून तिचा चेहरा पडला, पण ओरडली नाही.

"ताई, मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ताईंचेही घासणार ना? दादा म्हणाले, नको, तिला सवय आहे."

बाहेरून सासऱ्यांची हाक आली, "झाल्या का गं जोड्या?"

मी माझ्या खोक्याचं रेक्झिन कोपऱ्यापासून टराटरा ओढून काढलं आणि उघडा खोका नवऱ्याच्या पायाशी आदळला.

"घासा," म्हटलं. "आठही."