पाववाल्याचा भोंगा

दोन्ही ब्रेक करकचून दाबले तेव्हा जुसेलियाची सायकल कशीबशी थांबली. फाटकातून बाहेर पडलेला म्हातारा वाचला, त्याच्या हातातली दुधाची बाटली मात्र रस्त्यावर पडून फुटली. पाठीवरच्या खोक्यात कुणाचं तरी बर्गर उलथंपालथं झालं असणार, पण तिकडे तिचं लक्ष नव्हतं. म्हातारा स्वतःच्या फाटकाला धरून उभा होता.

तिनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत माफी मागितली, दुधाचे पैसे देऊ केले. त्यानं ते घेतले नाहीत. तो रागावलाही नाही. रागावला असता तर ती दोन दिवसांत विसरून गेली असती.

“मला ऐकूच आलं नाही गं,” तो एवढंच म्हणाला.

येणार कुठून? सायकलला विजेची मोटर एदिल्सननं बसवलेली. एदिल्सन तिच्याच गावचा, ब्राझीलमधल्या अनापोलिसचा, आणि डब्लिनमध्ये जेवण पोचवणाऱ्या निम्म्या ब्राझीलियनांच्या सायकली त्याच्या हाताखालून गेलेल्या. पायडल मारायचंच नाही; मूठ पिळायची आणि मोटारसायकलच्या वेगानं, पण मांजरासारखं बिनआवाज सुटायचं. कायद्याला हे मंजूर नव्हतं. पोलिसांनी धरलं तर सायकल सरळ जप्त. पण ऑर्डरी या वेगावर मिळत, आणि खोलीचं भाडं ऑर्डरींवर.

रविवारी वडिलांचा फोन आला. तिच्या बापानं, ओनोफ्रेनं, जन्मभर अनापोलिसमध्ये सायकलवरून पाव विकले. पुढे पांढऱ्या फडक्यानं झाकलेली टोपली, हँडलला भोंगा. रबरी फुगा दाबला की पों-पों, आणि गल्लीतल्या बायका ओल्या केसांनी, डोळे चोळत फाटकाशी येत. शाळेत मुली जुसेलियाच्या मागे पों-पों करायच्या. बाप समोरून येताना दिसला की ती दुसऱ्या गल्लीत वळायची. आता पहाटे जाग आली की तोच आवाज येईल म्हणून ती कान देऊन पडून राहायची.

लेक आपल्याच धंद्यात गेली, याचं ओनोफ्रेला भारी कौतुक. मोटरचं तिनं त्याला कधी सांगितलं नव्हतं. दुधाच्या बाटलीचं मात्र त्या दिवशी सांगून टाकलं.

“तुझ्या सायकलला भोंगा नाही?”

“इथं घंटी असते, बाबा.”

“घंटी म्हणजे सरक बाजूला. भोंगा म्हणजे मी येतोय, तू ये सावकाश. माणसाला बाहेर यायला वेळ लागतो, पोरी.”

पुढच्याच महिन्यात अनापोलिसहून शेजारची एक बाई डब्लिनला आली. तिच्या बॅगेत कसाव्याच्या पिठाच्या पुड्यांमध्ये जुन्या फडक्यात गुंडाळलेला तो भोंगा होता.

बर्गरच्या दुकानाबाहेर तिनं तो वाजवला तेव्हा ऑर्डरची वाट बघत बसलेले सगळे ब्राझीलियन स्वार हसले. एकानं ओरडून विचारलं, ताजे आहेत का गं, चार दे. मग जो तो आपल्या फोनमधले घरचे फोटो बघायला लागला.

रस्त्यावर मात्र भोंगा कुचकामी ठरला. तो वाजेपर्यंत ती पुढे गेलेली असे आणि माणसं तिच्या पाठीमागे दचकत. बापाची सायकल इतकी हळू चालायची की कधीकधी डुगडुगायची. भोंगा त्या चालीचा होता. हे तिला कळायला एक आठवडा लागला.

“मूठ काढून टाक,” ती एदिल्सनला म्हणाली. “मोटर कायद्यात बसेल एवढीच ठेव.”

“डोकं फिरलंय का तुझं? पायडल मारून किती ऑर्डरी होतील?”

“कमी होतील.”

“आणि भाडं?”

तिनं सायकल त्याच्यापुढे उलटी करून ठेवली. एदिल्सन बराच वेळ पुटपुटत राहिला, भोंग्यापायी धंद्यावर पाणी सोडणारी बाई आयुष्यात पाहिली नाही म्हणाला. पण पाना फिरवता फिरवता त्यानं हळूच एकदा फुगा दाबून पाहिला.

ऑर्डरी व्हायच्या तेवढ्या कमी झाल्याच. तिनं स्वतंत्र खोली सोडली आणि दोघीजणींच्या खोलीत तिसरी गादी टाकली. पाय रात्रभर ठणकायचे. चूक तर केली नाही ना, हा विचार रोज यायचा.

एका संध्याकाळी ऑर्डर त्या म्हाताऱ्याच्याच रस्त्यावरची निघाली. फाटक बरंच लांब असतानाच तिनं फुगा दाबला. पों-पों. जरा वेळानं पुन्हा. पायडल सावकाश चालू होतं.

दार उघडलं. म्हातारा सपाता घालून फाटकापर्यंत आला आणि रस्त्याकडे बघू लागला. ती जवळ येऊन थांबली.

“काय विकतेस गं?” त्यानं विचारलं.

तिला इंग्रजी सुचेना. तोंडून निघाला तो घरचाच, पोर्तुगीज शब्द.

“पाव.”

त्याला काही कळलं नाही. तो भोंग्याकडे पाहून हसला, मग त्यानं तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि त्याला ओळख पटली.

“आतल्या खोलीत होतो मी,” तो म्हणाला. “तिथवर ऐकू आलं.”