माझ्या डोक्यावरचं हिरवं पाकीट

मित्रांनो, मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. पण मी बघत नाही हं, चाचपतो! आंबा पिकला का ते तुम्ही बोटानं दाबून बघता ना, तसा मी केसाहून बारीक सुईनं जिवंत पेशी दाबतो आणि ती किती मऊ, किती टणक ते आकड्यांत सांगतो.

तैवानमधल्या ताइनान शहरातल्या या प्रयोगशाळेत इथले तंत्रज्ञ लाय काका यांनी मला जोडलं, त्याला सोळा वर्षं झाली. तेव्हा माझं काय कौतुक! पाहुणे यायचे, फोटो काढायचे. मग शेजारी नवं यंत्र आलं आणि माझ्यावर धूळ बसली. वाईट वाटायचं, खोटं कशाला सांगू?

फक्त मान-यू ही संशोधन करणारी विद्यार्थिनी मला विसरली नाही. दोन वर्षं ती माझ्यावरच यकृताच्या कर्करोगाच्या पेशी दाबून मोजत होती. आधी नुसत्या, मग कापराच्या जातीच्या झाडात उगवणाऱ्या तांबड्या अळंबीचा अर्क घालून. अर्कानं त्या मऊ पेशी टणक होत होत्या. मऊ पेशी अंगात सहज पसरतात, टणक झाल्या की अडखळतात, म्हणून ही आनंदाची गोष्ट! आता शेवटची पडताळणी उरली होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी मी भंगारात जाणार होतो.

आमच्याकडे यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून त्याच्याजवळ खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं पाकीट ठेवतात. हिरवा दिवा म्हणजे सगळं सुरळीत, म्हणून हिरवंच हवं, ताजं हवं, आणि ते फोडायचं नाही. शेवटच्या आठवड्यात विघ्न नको म्हणून मान-यूनं फळीवरचं पाकीट थेट माझ्या डोक्यावर ठेवलं. वरून एसीचा झोत! पाकीट थरथरलं, मी थरथरलो, सुई थरथरली. एकाच पेशीला मी कधी मऊ म्हणे, कधी टणक. मला कारण कळत होतं, पण तोंड कुठंय मला?

"म्हातारा रुसलाय," लाय काका म्हणाले. "मोठं पाकीट ठेव."

झालं! थरथर दुप्पट झाली.

"आकडे जुळले नाहीत, तर दोन वर्षं पाण्यात," प्रयोगशाळेचे प्रमुख को सर म्हणाले.

शुक्रवारी दुपारी मान-यू उपाशीच माझ्यासमोर बसली होती. मोजणी चालू होती, आकडे नाचत होते. एकदम तिनं माझ्या डोक्यावरचं पाकीट ओढलं, टर्रकन फोडलं आणि बकाबका खायला लागली.

"अगं बाई, यंत्राचा खाऊ खाल्लास?" लाय काका ओरडले.

"मग? त्याला दात आहेत का? राबते मी, आणि खाऊ त्याला!"

तेवढ्यात पडद्यावर आकडे आले. टणक. टणक. पुन्हा टणक. मान-यूनं रिकामं पाकीट बघितलं, वर एसी बघितला आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत सुटली.

संध्याकाळपर्यंत सगळे आकडे जुळले. "बशीतल्या पेशींपासून माणसाच्या औषधापर्यंत वाट लांब आहे," को सर म्हणाले, "पण हे पाऊल पक्कं आहे. भंगारवाल्याला परत पाठवा!"

मित्रांनो, जुन्या यंत्रांची धूळ पुसा, त्यांच्यावर माया करा, पण जरा हातभर लांबून. माझं पाकीट आता पुन्हा फळीवर असतं. दर शुक्रवारी मान-यू ते माझ्यासमोर फोडून खाते, आणि मी मुळीच रुसत नाही.